सरवदे सरांनी न लावलेलं दार

सरवदे सरांचा तास वेळापत्रकात बसवणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात कटकटीचं काम होतं. माणूस वेळेवर येणारा, रजा न मागणारा, स्वतःचे खडू स्वतः आणणारा. कटकट एकाच गोष्टीची. ते वर्गाचं दार लावू देत नसत. त्यांचं फिजिक्स शेजारच्या बायोलॉजीत ऐकू जाई, बायोलॉजीच्या मॅडम तणतणत माझ्या टेबलाशी येत आणि मी सरांकडे जाई.

"सर, नुसतं लोटून घेतलं तरी चालेल."

"घेतो की, मॅडम," ते म्हणत. घेत नसत.

शेवटी मी त्यांना जिन्याशेजारची खोली कायमची देऊन टाकली आणि वेळापत्रकाच्या कोपऱ्यात 'बदलू नये' असं लिहून ठेवलं. मला कारणापेक्षा तोडग्यात जास्त रस असतो. शिवाय कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सर भूकंपातले होते. लातूरकडे 'भूकंपातला' एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. तो माणूस घर असून अंगणात का झोपतो, ट्रक गेला की ताटावरून का उठतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तो लातुरात क्लासेस फुटण्याचा काळ होता. काल जिथे पिठाची गिरणी होती तिथे आज मेडिकल-इंजिनिअरिंगची पाटी. निलंग्याहून, देगलूरहून, बिलोलीहून आईबाप एसटीनं यायचे, पत्र्याची पेटी आणि पोरगं उतरवून परत जायचे. मी अशाच एका क्लासचं ऑफिस बघत होते. प्रवेश, बॅचेस, पेपर टाइप करणं, खोल्यांच्या किल्ल्या. सर माझ्यापेक्षा वयानं लहान, पण दिसायचे मोठे. उंच, खांदे पुढे झुकलेले, उजव्या हाताच्या बोटांची नखं वाकडी उगवलेली. प्रत्येक गणित 'समजा' या शब्दानं सुरू करायचे. 'समजा, एक दगड हाय.' 'समजा, वरून भिंत येऊन राहिली.' पोरं त्यांना 'समजा सर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि चालत होतं.

समोरच्या सायबर कॅफेत आमची पोरं तास बुडवून खेळतात अशी तक्रार आली, तेव्हा संचालकांनी सरांना धाड टाकायला पाठवलं. सर गेले ते परत येईनात. त्यांचा पुढचा तास जवळ आला म्हणून मी स्वतः रस्ता ओलांडून गेले. आत चार पोरं भिंतीला टेकून उभी होती आणि सर खुर्चीत बसले होते. माउस देगलूरच्या मुजीबच्या हातात होता.

"ह्या दाराच्या मागं काय हाय?" सर विचारत होते.

"मागे नाविरा है सर. अंदर अटक गई. अब दार लावायचं, खेळ खतम."

"लावू नको."

"सर, लावल्याशिवाय खतम होत नै."

"लावू नको म्हणलं ना."

मुजीबनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'मॅडम, ह्यांना घेऊन जा' असं स्पष्ट लिहिलं होतं.

त्या खेळाचं नाव 'लॅम्प्स ऑफ ओरुन'. पोरांकडून मला तो इतक्यांदा ऐकावा लागला की मी आजही सांगू शकते. आपण एक पात्र व्हायचं, ग्रहाग्रहांवर फिरायचं, सोबती जमवायचे, निर्णय घ्यायचे, आणि आपण घेऊ त्या निर्णयाप्रमाणे गोष्ट वळते. ओरुनच्या आकाशात सूर्य आपोआप जळत नाहीत. प्रत्येक सूर्याला एक राखणारा असतो. पोरं त्याला 'दिवेकरी' म्हणत. काळोख जमिनीखालून वर येतो आणि ग्रहच्या ग्रह गिळतो. खेळणारा हा शेवटचा दिवेकरी, आणि नाविरा त्याची सोबतीण. चेष्टेखोर, बडबडी, तेलाची बुधली पाठीवर घेऊन फिरणारी पोरगी. शेवटी जमिनीखालच्या एका शहरात ती आत राहते आणि आपण बाहेर. काळोख मागून येत असतो. दगडी दार बाहेरून लावलं तरच दिवा वाचतो. पडद्यावर दोनच पर्याय: दार लावा, किंवा थांबा. लावलं की गोष्ट संपते. थांबलं तर काहीच होत नाही. नुसतं दार दिसत राहतं आणि मधूनमधून आतून नाविरा एखादं वाक्य बोलते. तिची ठरलेली वाक्यं आहेत. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून.

बहुतेक पोरं वाक्यं ऐकत बसत नसत. दार लावून मोकळी होत. सरांनी तो खेळ स्वतः पहिल्यापासून खेळला. क्लासच्या सामानाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर पडला होता, तो संचालकांकडून मागून घेतला आणि महिनोन्महिने, तास संपले की बसले. दारापाशी पोचले. तिथे त्यांनी खेळ जतन केला आणि थांबले. त्यानंतर कित्येक वर्षं ते तिथेच होते.

मुजीब अजून क्लासमध्येच होता, तेव्हाच दुसरा भाग येणार अशी पहिली आवई उठली.

इंटरनेटवर या खेळाच्या वेड्यांची एक जागा होती. जगभरचे लोक तिथे येऊन दुसऱ्या भागात काय असेल यावर कज्जे करायचे. मुजीबनं सरांना तिथे नेऊन बसवलं. सर तिथे ऑफिसला अर्ज करावा तसं इंग्रजी लिहीत. सुरुवातीला 'रिस्पेक्टेड फ्रेंड्स', शेवटी 'युअर्स फेथफुली, व्ही. आर. सरवदे, एम.एस्सी., लातूर'. पहिल्यांदा लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण सरांचं म्हणणं कुणाला खोडता येईना. जुन्या खेळातले निर्णय दुसरा भाग वाचून घेणार हे तर कंपनीनंच सूचित केलं होतं. सर म्हणत, मग ज्यानं दार लावलंच नाही, त्याच्या खेळात नाविरा मेलेली असूच शकत नाही. दिवेकरी किंवा त्याचा सोबती मेला की त्याचा दिवा आपोआप विझतो, हा ओरुनचा नियम. दारापाशी उभं राहून मागे वळून पाहिलं तर तिचा दिवा खांबावर जळताना दिसतो. म्हणजे ती आहे. तिला दुसऱ्या भागात बाहेर काढता येईल. अट एकच, दार लावायचं नाही आणि वाट पाहायची.

या म्हणण्याला तिथे 'लातूर थिअरी' नाव पडलं. परदेशातले लोक भांडताना 'लातूर'वाले आणि 'विरुद्ध'वाले अशा दोन बाजूंनी भांडत. मुजीबला कोण अभिमान. "मॅडम, सर तो वर्ल्ड-फेमस हो गए," असं तो मला फी भरायच्या खिडकीतून ओरडून सांगायचा. मी त्याला आधी फी भरायला सांगायची.

मला त्यात पहिल्यांदा काही खटकलं ते चाचणीचा पेपर टाइप करताना. ध्वनीच्या धड्यावर सरांनी प्रश्न घातला होता: एका बंद दगडी तळघरात एक मुलगी उभी आहे. ती बोलली की बाहेर तिचा आवाज असा असा घुमून येतो. तर आतल्या पोकळीचा आकार काढा. आतली हवा किती वेळ पुरेल?

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. "सर, हवेचा भाग अभ्यासक्रमात नाही. आणि मुलगी कशाला? 'वस्तू' लिहू या."

"वस्तू श्वास घेत न्हाई, मॅडम."

"पण सर, हा तो खेळातलाच प्रश्न झाला."

"मी काढून बघितलं," ते म्हणाले. "घुमतंय म्हणजे आत पोकळी हाय. पोकळी हाय म्हणजे हवा हाय. मोठी पोकळी हाय, मॅडम. पुरंल."

मी हवेचा भाग गाळला आणि मुलगी ठेवली. पोरांनी खेळ ओळखला, वर्गात टाळ्या पडल्या. सर टाळ्या थांबायची वाट बघत फळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

त्यांची आई ऑफिसात आली ती त्याच सुमारास. पुनर्वसनाच्या गावाहून, पहिल्या गाडीनं. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. सर वर्गात होते. ती माझ्यासमोर बाकावर बसली, पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली. मला तशी माणसं आवडतात.

"बाई, तुमी तरी सांगा इसनाथला. माझं ऐकत न्हाई."

"काय झालं?"

"शालीचं पुण्यानुमोदन करू देईना."

पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं करायचा बौद्ध विधी, आणि शाली म्हणजे सरांची धाकटी बहीण. भूकंपात गेली. सरांना बहीण होती हेच मला तोवर माहीत नव्हतं.

आईनं सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं लिहिते. नवरा पोस्टमन. बौद्ध वस्तीतलं कुडाचं घर सोडून त्यानं हौसेनं गावात, दगडामातीच्या जाड भिंतींचं माळवदाचं घर घेतलं. वस्तीतून गावात राहायला जाणारे ते पहिलेच. जाऊन थोडेच दिवस झाले होते. त्या पहाटे नवरा ड्युटीवर लातूरला, ती स्वतः पुतणीच्या बाळंतपणासाठी वस्तीत, इसनाथ बाहेर बाजेवर आणि शाली आत झोपलेली.

"वस्तीतली कुडाची घरं हुभीच ऱ्हायली, बाई. आमीच गेलो हौसेनं गावात."

इसनाथ बाजेसकट फेकला गेला. धुरळ्यात त्याला शालीचा आवाज आला. ती आतून बोलत होती. 'थांब, आलोच' म्हणून तो टिकाव आणायला वस्तीत पळाला. टिकाव घेऊन आला तर गल्ली नव्हती. सगळे ढिगारेच. सगळे सारखे, पांढरे. घर नवीन, गल्ली अजून डोळ्यांत बसली नव्हती.

"त्यानं दुसऱ्याचंच उकरलं," ती म्हणाली. "दिस कलेपर्यंत उकरत बसला. टिकाव मोडला मंग हातानं. कान लावायचा, म्हणायचा, ऐकू येतंय, आई, बोलून राहिली. मी बी कान लावला. मला काय ऐकू येईना. मिल्ट्रीवाल्यांनी उचलून नेला त्याला. शाली काय घावलीच न्हाई. एकठाव जाळली कितीक माणसं, त्यात असंल, न्हाय तर तिथंच असंल." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "मालक गेलं, त्यांचं केलं. शालीचं कसं ठिवायचं? पोरीचं नाव मेलेल्यात न्हाई आन् जित्यात न्हाई. मी गेल्यावर कोण घेणार तिचं नाव?"

"मग तुम्ही करून टाका. तेच बरं."

"त्याच्याबिगर कसं करू? शेवटचा आवाज त्यानंच ऐकला. त्यानं म्हणायला पायजे, गेली म्हणून."

तेवढ्यात सर आले. दारातच थांबले.

"आई, कशाला आलीस? सांगितलंय ना मी."

"काय सांगितलंस? थांब म्हणलास. किती थांबू, इसनाथ?"

"बघू."

"शाली आज असती तर तिला लेकरं असती."

"बघू म्हणलं ना!" सर ओरडले. क्लासमध्ये त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला तो तेवढाच. शेजारच्या वर्गातलं सगळं शांत झालं. आईनं पिशवीतून शेंगाच्या चटणीची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली, 'त्याला द्या' म्हणाली आणि गाडी गाठायला निघाली. सर तिला स्टँडवर सोडायला गेले. दोघं एकाच्या मागे एक चालत होते.

पुढे नांदेडला क्लासची शाखा निघाली. तिथेही तोच हंगाम सुरू झाला होता, तीच पाटी, तीच पेटी, तीच पोरं. संचालकांनी मला आणि सरांना तिकडे पाठवलं. सामान टेम्पोनं जाणार होतं. सर म्हणाले, सगळं जाऊ द्या, तो जुना कॉम्प्युटर टेम्पोत घालायचा नाही. खड्ड्यांनी आतली डिस्क हलली तर जतन केलेला खेळ जाईल. आता तो दुसरीकडे उतरवून ठेवता येतो हे मुजीबनं त्यांना फोनवर समजावलं होतं. त्यांनी उतरवूनही ठेवला होता. पण मूळ ते मूळ, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही एसटीनं निघालो. सर खिडकीशी, मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, मी शेजारी. अहमदपूरच्या अलीकडे कंडक्टर आला.

"हे काय हाय?"

"कॉम्प्युटर."

"टपावर टाका."

"न्हाई टाकत."

"मांडीवर काय घेऊन बसलाव लेकरावानी! हाफ तिकीट फाडू का त्याचं?"

अख्खी गाडी हसली. मीही हसले.

"फाडा," सर म्हणाले.

कंडक्टरनं त्यांच्याकडे नीट बघितलं. चादरीची गाठ, त्यावर घट्ट धरलेले हात. मग काही न फाडता पुढे गेला. लोह्याला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले. सर उतरले नाहीत. मी त्यांना खिडकीतून कप दिला, तो त्यांनी एका हातानं प्यायला.

नांदेडला आल्यावर दुसऱ्या भागाची बातमी पक्की झाली. कंपनीनं जाहीर करून टाकलं. वेड्यांच्या त्या जागेवर जत्रा भरली. नाविरा जिवंत, नाविरा मेलेली, नाविराच काळोखाची राणी झालेली, नाविरा म्हणजे खेळणाऱ्याचाच भास. सर एकेकाला उत्तर देत. तास संपला की हॉलच्या कोपऱ्यात त्या जुन्या कॉम्प्युटरशी बसत आणि दार ऐकत. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं त्याला मी आशा म्हणणार नाही. परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी, नंबर कुठेच नसलेली पोरं यादी पुन्हा वरून वाचतात, तेव्हा त्यांचा चेहरा तसा असतो.

मुजीब तोवर इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागला होता. दुसरा भाग निघाल्याबरोबर तो स्वतः घेऊन नांदेडला आला. नवं यंत्रही त्यानंच कुठून तरी जोडून आणलं. दुपारी आम्ही तिघं हॉलमध्ये. नवा खेळ सुरू झाला. 'तुमचा जुना प्रवास आणा' असं आलं. मुजीबनं सरांचा खेळ आत घातला. पडद्यावर एक ओळ उमटली. मुजीबनं ती वाचून माउस सोडला.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

सरांनीच वाचलं. "तुमचा प्रवास अपूर्ण आहे. पहिला भाग पूर्ण करून या."

"मतलब..." मुजीब चाचरला. "सर, पयले दार लावना पडेगा. लावल्याशिवाय दुसऱ्यात घेत नै."

"लावलं तर ती मरती."

"सर, वो दुसऱ्या भागात कळंल ना, जिवंत है का नै ते. लेकिन कळायला लावना पडता."

सर हसले. फार वाईट हसले. "बघा मॅडम," ते म्हणाले, "समजा, दार लावलं न्हाई तर कळत न्हाई. लावलं तर..." आणि त्यांना पुढचं गणित मांडता येईना.

नंतरचे काही आठवडे वाईट गेले. सरांनी कंपनीला पत्रं लिहिली, अर्जासारखी. उत्तर आलं नाही. जगभरच्या वेड्यांनी आपापली दारं लावली आणि पुढे गेले. 'लातूर थिअरी' एका दुपारीत संपली. कुणी लिहिलं, अरे, एक कळ तर दाबायची आहे. सर वर्गात गणित मांडता मांडता थांबू लागले. 'समजा' म्हणायचे आणि पुढचं वाक्यच यायचं नाही. पोरं आधी हसली, मग घाबरली. पालकांचे फोन आले. संचालकांनी मला विचारलं, याचं काय करायचं? मी सांगितलं, थोडं थांबा. सरांचे तास मी दुसऱ्यांत वाटून दिले आणि वेळापत्रक कसंबसं उभं ठेवलं.

त्यातच आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला ठरलं. एका डोळ्यावर हिरवं फडकं आलं, दुसरा आधीच अधू. डॉक्टरांनी काही दिवस इथेच राहा म्हणून सांगितलं. रविवारी परीक्षा संपल्यावर पोरं गेली, मी हॉलला कुलूप लावायला गेले, तर कोपऱ्यात सर बसलेले आणि शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन आई. खोलीवर एकटी सोडवेना म्हणून घेऊन आलो, सर म्हणाले. मी किल्ल्या हातात घेऊन दाराशी थांबले.

स्पीकरमधून नाविरा बोलली. इंग्रजी, दगडाआडून आल्यासारखं.

"कोण हाय रं ती पोरगी?" आईनं विचारलं.

"खेळ हाय, आई."

"आत कोंडली का?"

सरांनी स्पीकरचा आवाज कमी केला.

"काय म्हणून राहिली?"

"काय न्हाई. खेळातलं बोलती."

"आरं, काय म्हणती ते सांग की. मला काय विंग्रजी येतंय?"

नाविरा पुन्हा बोलली. सरांनी वर्षानुवर्षं त्या वाक्यांची घुमण मोजली होती, त्यावरून पोकळी काढली होती, हवा काढली होती. पण ती वाक्यं मराठीत कधी म्हटली नसावीत. ते एकेक शब्द उचलून ठेवावा तसं बोलू लागले.

"म्हणती... तू हुभा हायस, मला कळतंय." थोड्या वेळानं पुढचं वाक्य आलं. "म्हणती, मला भ्या वाटत न्हाई आता." मग आणखी एक. "म्हणती, दिवा तुझ्याजवळ हाय. जा तू."

"जा म्हणती?"

"हाव."

"कवापासून म्हणती?"

सरांनी माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला.

"ती जा म्हणून राहिली आन् तू हितंच," आई म्हणाली. तिनं फडक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "कुठं दाबायचं?"

"आई, नको."

"कुठं दाबायचं सांग. तू नको दाबू. तुला न्हाई जमायचं, मला माहीत हाय. आई हाय मी. माझा हात धर आन् ठिव तिथं."

"आई, ती हाय आत. मी काढलंय, हवा हाय अजून..."

"इसनाथ." ती ओरडली नाही. "माझा हात ठिव."

मी त्या वेळी बाहेर जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही. सरांनी तिचा हात उचलला. वाकड्या नखांच्या बोटांनी तिचं एक बोट कळेवर ठेवलं. दाबलं तिनंच.

दगड घासल्यासारखा मोठा आवाज झाला आणि पडदा काळा होऊन त्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. सर खुर्चीतून खाली उतरले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी स्पीकरला कान लावला. एक तळवा पुढे करून आम्हाला गप्प राहायची खूण केली. आम्ही कुणीच बोलत नव्हतो. नावं संपली. ते कान काढेनात. कान लावलेल्या माणसाचा चेहरा रडतानाही हलत नाही, हलला तर ऐकू येणार नाही ना. आईनं चाचपत त्यांचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली.

"झालं का?" खूप वेळानं तिनं विचारलं.

"झालं," सर म्हणाले.

दुसरा भाग त्यांनी कधी उघडला नाही. मुजीबनं मला नंतर सांगितलं, नाविरा त्यात कुठेच नाही. जिवंत नाही, मेलेली नाही, कुणी तिचं नावसुद्धा घेत नाही. वेड्यांच्या जागेवर लोक चिडले आणि तिसऱ्या भागाच्या अटकळी सुरू झाल्या. कुणीतरी लातूरच्या त्या सरांना विचारा म्हणून लिहिलं. सरांनी काही लिहिलं नाही.

शालीच्या पुण्यानुमोदनाला मी गेले. पुनर्वसनाचं गाव, सरळ आखलेले रस्ते, एकसारखी घरं, विहारापुढे मांडव. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. मग त्यांनी कुणाच्या स्मरणार्थ म्हणून विचारलं. सर उभे राहिले. हात जोडलेले होते. तोंड उघडलं आणि मिटलं. आई बसल्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होती, पण मध्ये बोलली नाही. मग सरांनी पूर्ण नाव घेतलं, शालिनी रामा सरवदे, आणि ती भूकंपात गेली असं सांगितलं. खाली बसताना त्यांना शेजारच्यानं धरलं.

जेवणाच्या पंगती बसल्या. मला परतीची गाडी गाठायची होती म्हणून पहिल्याच पंगतीत बसवलं, सरांच्या शेजारी. आई एका डोळ्यानं बघत स्वतः पुऱ्या वाढत होती. सरांपुढे आली. त्यांच्या ताटातलं काहीच हललं नव्हतं.

"खा, इसनाथ."

"आई," सर खाली बघतच म्हणाले, "मी उकरलं ते घर कुणाचं होतं?"

आईनं पुरीची परडी कमरेवर घेतली. हा प्रश्न तिच्याकडे इतकी वर्षं येऊन थांबला होता, आणि उत्तरही, हे मला तिच्या उभं राहण्यावरून कळलं.

"कांताबाईचं."

"आत कोण होतं?"

"कोणी न्हवतं रं. त्ये लोक आदल्या दिशी उमरग्याला गेल्ते, लग्नाला."

"कोणीच न्हवतं?"

"कोणीच न्हवतं."

सरांनी मान हलवली. फळ्यावर पोरानं बरोबर उत्तर लिहिलं की हलवायचे तशी. आई हलली नाही. तिनं मागे वळून वाढप्याला हाक मारली, "ह्याला वरण आण गरम," आणि ते येईपर्यंत तिथेच उभी राहिली. वाढपी आला. सरांनी भात बोटांनी फोडला, मध्ये खळगा केला आणि ताट पुढे धरलं.